गटातला आणि गटांतला

मराठीत ‘गटातला फरक’ आणि ‘गटांतला फरक’ यांच्यामध्ये एक टिंब आहे. पहिला फरक एकाच गटातल्या माणसामाणसांमधला, दुसरा एका गटाचा दुसऱ्या गटाशी असलेला. बोलताना हल्ली दोन्ही सारखेच ऐकू येतात. लिहिताना टिंब राहून जातं आणि फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दिल्लीतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत संख्याशास्त्राची नोकरी केली. त्या नोकरीचा बराचसा भाग हे दोन फरक वेगळे ठेवण्यात गेला.

त्याआधी काही वर्षं मी एका वृत्तसंस्थेच्या मराठी डेस्कवर होते. शिक्षण संख्याशास्त्राचं, पण दिल्लीत आल्यावर आधी मिळालं ते काम हे. तिथे ‘पक्षात नाराजी’ ही एका पक्षाची बातमी असे आणि ‘पक्षांत नाराजी’ ही आघाडीची. टिंब चुकलं की दुरुस्ती द्यावी लागे. बातमी कुणी सांगितली आणि त्याला ती कशी कळली, हे विचारल्याशिवाय वाक्य पुढे सोडायचं नाही, हीसुद्धा तिथलीच शिस्त. रुग्णालयात आल्यावर दोन्ही सवयी उपयोगी पडल्या. इतरांना त्या किती उपयोगी वाटल्या, याबद्दल मतभेद आहेत.

एमडी किंवा एमएस करणाऱ्या डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. रुग्ण तपासून, आकडे जमवून झाले की हे डॉक्टर संख्याशास्त्राच्या खोलीत येतात. आमची खोली क्ष-किरण विभागाच्या मागे होती. दारातूनच बहुतेक जण एक वाक्य म्हणत, “मॅडम, पी निकाल दीजिए.” गटांमध्ये खरोखर काहीच फरक नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे सांगणारा आकडा म्हणजे ‘पी’. तो ठरलेल्या मर्यादेखाली आला की निष्कर्ष ‘लक्षणीय’ ठरतो आणि डॉक्टर आनंदात परत जातो. या वाक्यामुळे माझं नाव ‘पीवाली मॅडम’ पडलं होतं. ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा वेगळाच समज होई. मी चहासुद्धा घेत नाही, हे त्याला कोण सांगणार.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बालरोग विभागातल्या एका डॉक्टरने ज्या मुलांचं वय नोंदवायचं राहिलं होतं, तिथे ९९९ असा आकडा टाकला होता. ही पद्धत जुनी आहे, फक्त तो आकडा ‘माहिती नाही’साठी आहे हे संगणकाला सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं आणि त्याच्या तक्त्यात बालरुग्णांचं सरासरी वय पणजोबांएवढं निघालं. त्याने तो तक्ता जसाच्या तसा प्रबंधात घातला होता. विचारलं तर म्हणाला, “सॉफ्टवेअरनेच दिलं आहे.” अस्थिरोग विभागातल्या एकाने तीन तऱ्हेच्या प्लास्टरला एक, दोन, तीन असे क्रमांक दिले होते. संगणकाने ते क्रमांक वजन-उंचीसारखे मोजमाप समजून घेतले आणि पहिल्या प्लास्टरपासून तिसऱ्यापर्यंत गुण चढत जातो, असं सिद्ध केलं. मी त्याला सांगितलं की हे क्रमांक म्हणजे नुसती नावं आहेत, तिसरं प्लास्टर पहिल्याच्या तिप्पट नाही. त्याने विचार केला आणि म्हणाला, “लेकिन मॅडम, महंगा तो है.”

मात्र रोजचं काम तीन किंवा अधिक गटांच्या सरासरींची तुलना करण्याचं असे. तीन औषधं, तीन गट, प्रत्येकाची सरासरी. त्यांत फरक आहे का? यासाठी जी पद्धत वापरतात तिला रुग्णालयात सगळे ‘अनोव्हा’ म्हणतात. ती समजावून सांगताना मी आमच्या मयूर विहारच्या गणेशोत्सवाचं उदाहरण देत असे.

उत्सवात तीन घरांतून मोदक येतात. समजा, कुठल्या घरचे मोदक मोठे असतात यावर वाद झाला. प्रत्येक घरच्या मोदकांचं सरासरी वजन काढलं आणि त्यांत थोडा फरक निघाला. तेवढ्यावरून निकाल देता येतो का? येत नाही. आधी एकेका घरचं ताट पाहावं लागतं. एका ताटातले मोदक जवळजवळ सारखे असतील, म्हणजे घरातला फरक कमी असेल, तर घरांतला थोडासा फरकही खरा मानता येतो. पण एकाच ताटात एक मोदक लिंबाएवढा आणि एक संत्र्याएवढा असेल, तर घरांच्या सरासरीतला तो थोडा फरक काहीच सांगत नाही. दुसरे मोदक उचलले असते तर निकाल उलटला असता. अनोव्हा एवढंच करते. घरांतल्या फरकाला घरातल्या फरकाने भागते. उत्तर मोठं आलं तर घरांमध्ये काहीतरी वेगळं आहे. लहान आलं तर वाद पुढच्या वर्षी.

यावर हमखास विचारलं जाई की दोन-दोन गटांच्या जोड्या लावून तीनदा तुलना केली तर काय बिघडलं. प्रत्येक तुलनेत खोटा इशारा मिळण्याचा थोडा धोका आपण मान्य केलेला असतो. तुलना वाढवल्या की तो धोकाही वाढत जातो. पुरेशा जोड्या लावल्या तर कुठेतरी ‘पी’ निघतोच. पुष्कळ डॉक्टरांना हा त्या पद्धतीचा गुण वाटे.

मेघना या खोलीत आली तेव्हा तिने ‘पी’ मागितला नाही. ती सांगलीची, एमडीच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मुनिरकाला भाड्याच्या खोलीत राहत होती. तिने विचारलं, “मॅडम, माझ्या मधल्या गटाला काय झालंय ते सांगाल का?”

तिचा विषय रक्तक्षयाचा. दिल्लीच्या लष्करी छावणीत एका पलटणीतली बरीच कुटुंबं महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून आलेली होती. छावणीजवळ आमच्या महाविद्यालयाचा कुटुंब दवाखाना होता. तिथे येणाऱ्या, रक्त कमी असलेल्या बायकांना लोहाची गोळी तीन पद्धतींनी द्यायची होती. एका गटाला दिवसातून दोनदा, एकाला रोज एकदा आणि तिच्या तक्त्यात या दोघांच्या मध्ये मांडलेल्या गटाला एक दिवस सोडून एक. कोण कुठल्या गटात जाईल हे सोडतीने ठरवलं होतं. काही आठवड्यांनी प्रत्येकीचं हिमोग्लोबिन किती वाढलं ते पाहायचं. एक दिवस सोडून घेतलेली गोळी अंगी जास्त लागते आणि पोटालाही त्रास देत नाही, असं मेघनाला वाटत होतं. वाटण्याला वैद्यकीय आधार होता.

अनोव्हाचं उत्तर लहान आलं. गटांत फरक सापडला नाही. प्रबंध सादर करायची मुदत जवळ आली होती. मुदत चुकली तर तिला त्या सत्राच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं आणि पुढच्या सत्राची वाट पाहावी लागणार होती. सांगलीकडच्या एका सरकारी रुग्णालयातली जागा परीक्षेवर अवलंबून होती. तिची आई तिथे एकटी होती.

तिन्ही गटांच्या नोंदी मी ठिपक्यांनी कागदावर मांडल्या. दोन गटांचे ठिपके आपापल्या सरासरीभोवती जमले होते. मधला गट वर-खाली पसरला होता. काही बायकांचं रक्त चांगलं वाढलं होतं, काहींचं जागचं हललं नव्हतं आणि मध्ये कुणी फारसं नव्हतं. अनोव्हाची एक अट अशी की प्रत्येक गटाचा आतला पसारा साधारण सारखा असावा. इथे तो नव्हता. अशा वेळी वापरायच्या दुसऱ्या पद्धती असतात, त्या मी वापरून पाहिल्या. निकाल तोच राहिला. पण प्रश्न पद्धतीचा नव्हता. एका गटात दोन गट दिसत होते आणि ते कुठून आले हे संगणकाला विचारण्यात अर्थ नव्हता.

गोळ्या नीट घेतल्या गेल्या का, हे मी विचारलं. मेघनाने लगेच सांगितलं की त्या बाबतीत मधला गट सगळ्यांत चांगला आहे. प्रत्येकीला गोळ्यांची रिकामी पाकिटं परत आणायला सांगितलं होतं. मधल्या गटातल्या जवळजवळ सगळ्यांची पाकिटं पूर्ण रिकामी होती. उरलेली गोळी नाही म्हणजे चुकलेली गोळी नाही, असं तिने लिहिलं होतं.

वृत्तसंस्थेत असताना सगळ्या बाजूंनी एकच माहिती आली की आम्ही ती पुन्हा तपासत असू. मी मेघनाला म्हटलं, आपण त्या बायकांना भेटू.

शनिवारी दुपारी आम्ही गेलो. छावणीच्या गेटवर नावं लिहून घेऊन, ओळखपत्रं पाहून आत सोडलं. पहिलं घर सुनंदाताईंचं, एका हवालदारांच्या पत्नीचं. त्या साताऱ्याकडच्या. त्या मधल्या गटात होत्या आणि त्यांचं रक्त वाढलं नव्हतं. मेघनाने विचारलं, गोळी कशी घेत होता?

“दिवसा,” त्या म्हणाल्या. “रात्री घेतली नाही कधी.”

“रोज?”

“दिवस रोजच येतो की.”

मेघनाने माझ्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, गोळ्यांबरोबर दिलेल्या चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?

“दिवसाआड. वाचता येतं मला. गावाकडं नळाला पाणी दिवसाआड येतं, म्हणून मी औषधाच्या खिडकीवर विचारलं, एक दिवस सोडून का? त्या मॅडम म्हणाल्या, नाही नाही, दिवसा घ्यायची. मग म्हटलं, डॉक्टर लोकांचं आड वेगळं असंल.”

गोळ्या पुरल्या का, असं मी विचारलं. निम्म्यातच संपल्या, असं त्यांनी सांगितलं. एक दिवस सोडून घ्यायच्या हिशेबाने दिलेल्या गोळ्या रोज घेतल्यावर संपणारच. पुन्हा मागायला त्या गेल्या नाहीत, कारण कुणी बोलावलं नव्हतं. ठरलेल्या दिवशी रिकामी पाकिटं मात्र नेऊन दिली. “खिडकीवरच्या मॅडम खूश झाल्या,” त्या म्हणाल्या. “व्हेरी गुड म्हणाल्या. माझ्या पोरीला शाळेत कधी कुणी म्हटलं नाही.”

पुढच्या घरांत हेच दोन प्रकारांनी निघत गेलं. काहींनी ‘दिवसाआड’ वाचून एक दिवस सोडून घेतली होती. काहींनी खिडकीवरचं ऐकून रोज घेतली होती, गोळ्या संपल्यावर बंद केली होती. दोघींचीही पाकिटं शेवटी रिकामीच. प्रबंधात दोघीही ‘औषध पूर्ण घेतले’ या रकान्यात शेजारी शेजारी.

दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर आळीपाळीने दोघं असत. एकजण कोल्हापूरकडचा, त्याच्या पाळीत काही बिघडलं नव्हतं. दुसरी शलाका, मयूर विहारमध्ये वाढलेली, मराठी घरातली. मराठी येते म्हणून मेघनानेच तिला या कामासाठी मागून घेतलं होतं. आमच्या सोसायटीत अशी मुलं पुष्कळ आहेत. घरात मराठी बोलतात, भांडण हिंदीत करतात. ‘परवा’ म्हणजे गेलेला की येणारा, यावर गाडी अडते.

शलाकाला विचारलं तेव्हा ती आधी गोंधळली, मग घाबरली. “मॅडम, दिवसाआड म्हणजे दिवसा ना? आड म्हणजे अधेमधे. जसं आडवेळी म्हणतात. मला वाटलं, दिवसा, जेवणाच्या अधेमधे. मी बिल्कुल तसंच सांगितलं सगळ्यांना.” मग ती म्हणाली, “माझी नोकरी जाणार का?”

तिचा अर्थ चुकीचा होता, पण तिने तो नीट विचार करून लावला होता. ती चिठ्ठी मेघनाने लिहिली, तिच्या मार्गदर्शकांनी एका मराठी सहकाऱ्याकडून तपासून घेतली, नीतिमत्ता समितीपुढे ती हिंदी भाषांतरासह गेली. तपासणाऱ्यांपैकी ज्यांना मराठी येत होतं, त्या सगळ्यांना तो शब्द लहानपणापासून माहीत होता. म्हणून तो कुणालाच दिसला नाही. मी डेस्कवर असताना ‘शहरात दिवसाआड पाणी’ हा मथळा उन्हाळ्यात इतक्या वेळा लिहिला होता की माझ्यासमोर आला असता तर मीही पुढे सोडला असता. मेघनाने शलाकाला सांगितलं की प्रबंधात तिचं नाव येणार नाही, शब्द येईल.

शब्द येईल की नाही, हे अजून ठरायचं होतं. मेघनाचे मार्गदर्शक विभागप्रमुख होते. चांगले डॉक्टर, हाताखाली अनेक विद्यार्थी आणि आपला विद्यार्थी अडकलेला त्यांना पाहवत नसे. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी तोडगा सांगितला. तो सोपा होता. ज्या बायकांनी रोज गोळी घेतली त्यांना रोजच्या गटात हलवायचं. मधला गट स्वच्छ होईल, पसारा कमी होईल.

“सिंपल है,” ते म्हणाले. “पी निकल आएगा.”

“निकल आएगा सर,” मी म्हटलं. “इसीलिए नहीं.”

हे त्यांना आवडलं नाही. मी कारण दिलं. बायका कुठल्या गटात जातील हे सोडतीने ठरलं होतं. सोडतीचा उपयोग एवढाच की तिन्ही गटांत सगळ्या तऱ्हेच्या बायका सारख्या वाटल्या जातात. आता ज्यांनी चिठ्ठीवर भरवसा ठेवला त्या एकीकडे आणि ज्यांनी खिडकीवर ठेवला त्या दुसरीकडे, अशी वाटणी केली, तर ती औषधाची वाटणी राहत नाही. चिठ्ठीवर विसंबणारी बाई आणि सांगितलेलं ऐकणारी बाई यांचं शिक्षण वेगळं असू शकतं, घरचं खाणं वेगळं असू शकतं. मग रक्तातला फरक गोळीचा की बाईचा, हे कुणीच सांगू शकणार नाही. शिवाय हलवलेल्या बायकांनी रोज गोळी घेतली ती निम्मा काळच. त्या रोजच्या गटातल्याही नव्हत्या.

सर म्हणाले की हे सगळं पुस्तकात ठीक आहे, पण ‘फरक सापडला नाही’ एवढंच लिहिलेला प्रबंध घेऊन मुलगी परीक्षकासमोर बसणार आहे, तुम्ही नाही. हे खरं होतं. विश्लेषणाच्या दाखल्यावर माझी सही लागत असे. सोडतीप्रमाणे केलेल्या विश्लेषणावर मी त्याच दिवशी सही करायला तयार होते. हलवलेल्या गटांवर नाही. तसं मी सांगितलं आणि खोलीत परत आले.

थोड्या वेळाने मेघना आली. समोरच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, “तुम्ही सही केली नाहीत तरी सर दुसरीकडून करून आणतील. ते मला म्हणाले तसं.”

“आणू शकतील.”

“मग तुम्ही मला अडवणार नाही?”

मी म्हटलं, अडवणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात माझी सही आहे. प्रबंधावर नाव तुझं आहे.

तिने ठिपक्यांचा तो कागद टेबलावरून उचलला आणि मधल्या गटाकडे पाहत राहिली. “यांतला खालचा ठिपका सुनंदाताईंचा आहे,” ती म्हणाली. “मी त्यांना रोजच्या गटात टाकलं, तर हा ठिपका तिकडे जाईल. त्यांनी विचारलं होतं, एक दिवस सोडून का म्हणून. बरोबर विचारलं होतं. आणि प्रबंधात कुठेच दिसणार नाही की त्यांनी विचारलं होतं.” कागद घेऊन ती सरांकडे गेली. मी बरोबर गेले नाही.

आत काय झालं ते तिने नंतर मोजक्या शब्दांत सांगितलं. तिने गट हलवणार नाही असं सांगितलं. सरांनी विचारलं, हे त्या मॅडमनी शिकवलं का. ती म्हणाली, सोडत मी स्वतः काढली होती, ती मोडायला मला शिकवावं लागेल. सर म्हणाले, “फेल हुई तो मेरे पास रोने मत आना.” मग त्यांनी सही केली. नंतर कुठलंही वाकडं त्यांनी मनात ठेवलं नाही, हे नोंदवायला हवं.

प्रबंध मुदतीत गेला. निष्कर्षात एक वाक्य: तिन्ही गटांच्या सरासरींत फरक सापडला नाही. ‘फरक नाही’ असं ती आधी लिहून आली होती, ते मी बदलायला लावलं. सापडला नाही आणि नाही, यांत फरक आहे. चोर सापडला नाही म्हणजे चोरी झाली नाही, असं कुणी पोलीस लिहीत नाही, किमान छापून येईल असं लिहीत नाही. रिकाम्या पाकिटांची आणि ‘दिवसाआड’ची हकीकत मेघनाने शेवटच्या प्रकरणात ‘मर्यादा’ या मथळ्याखाली घातली. अभ्यासातल्या उणिवा जिथे कबूल करतात ती ही जागा. लोक ती सहसा वाचत नाहीत.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते, मराठी अजिबात न येणारे. विभागातले बाकीचे प्रबंध त्यांनी भराभर उलटले होते. मेघनाचा घेतला तो मागून उघडला. मी त्या खोलीत नव्हते, सर होते, आणि हे त्यांनीच येऊन मला सांगितलं. परीक्षकांनी सोडतीबद्दल विचारलं, पसाऱ्याबद्दल विचारलं. मग विचारलं, “खाली पत्ता देखकर किसी को शक नहीं हुआ?” खाली पत्ता म्हणजे गोळ्यांचं रिकामं पाकीट.

“नहीं सर,” मेघना म्हणाली. “खाली पत्ता देखकर सब खुश थे.”

त्यांनी चष्मा काढला. आपल्या विभागातही रिकामी पाकिटंच मोजतात, असं ते म्हणाले. सरांना वाटलं, गेली. परीक्षकांनी प्रबंध तिच्याकडे सरकवला आणि एकच दुरुस्ती सांगितली: “इसे लिमिटेशन से निकालिए. रिझल्ट में डालिए.”

ती पास झाली. दुरुस्ती करून प्रबंधाची नवी प्रत तिने आणून दिली तेव्हा मराठी सारांशात ‘गटातील फरक’ आणि ‘गटांतील फरक’ दोन्ही होते आणि टिंबं जागच्या जागी होती. मी ती तपासली, हे सांगायला नको.

नोकरीच्या वर्षांत माझ्या हाताखालून पुष्कळ प्रबंध गेले. त्यांतल्या बहुतेकांत गटातला फरक हा भागाकारातला खालचा आकडा होता. त्रासदायक, जेवढा कमी तेवढा बरा. तो कशाने झाला, त्यात कुणी खिडकीवर काय ऐकलं, हे फार थोड्यांनी जाऊन पाहिलं. आकडे माझ्याकडे येईपर्यंत गोळ्या संपलेल्या असत, बायका गावी गेलेल्या असत, पलटण हललेली असे. भागाकार बरोबर करून देणं एवढंच उरे. मी तो बरोबर करून दिला. त्याची खंत नाही, पण समाधानही पुरेसं नाही.

मेघना आता सांगलीकडे त्या सरकारी रुग्णालयात आहे. तिथे तिने तोच अभ्यास पुन्हा हाती घेतला आहे: तीच गोळी, तेच तीन गट, नवी सोडत. यावेळी तिने दोन नियम केले आहेत. औषध घेणाऱ्या बाईने खिडकीवरून हलण्याआधी, गोळी कशी घ्यायची ते स्वतःच्या शब्दांत म्हणून दाखवायचं. आणि कुठलीही चिठ्ठी छापण्याआधी दिल्लीला शलाकाकडे पाठवायची. शलाका अजून त्याच दवाखान्यात, त्याच खिडकीवर आहे. तिला एकही शब्द अडला तर चिठ्ठी नापास. तिथल्या सहकाऱ्यांनी मेघनाला विचारलं की सांगलीच्या बायकांची चिठ्ठी दिल्लीची मुलगी कशाला तपासते. तिने सांगितलं, इथे आपल्याला सगळ्यांना सगळं कळतं, म्हणून.

निवृत्तीनंतरही चिठ्ठीची एक प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर माझ्याकडे येते, टिंबं पाहण्यासाठी. गेल्या महिन्यात आली ती मला निर्दोष वाटली. मधल्या गटासाठी ‘सोमवार, बुधवार, शुक्रवार’ असे वार लिहिले होते. पुढे सुबक अक्षरांत ‘सकाळी अनशापोटी’. मी ‘ठीक’ असं उत्तर लिहीत होते, तेवढ्यात शलाकाचा निरोप आला.

“ताई, अनशापोटी म्हणजे? कोणाच्या पोटी?”

‘अनशापोटी’ हा चांगला शब्द आहे. माझी आई तो वापरत असे, मी वापरते. माझा मुलगा वापरत नाही आणि त्याच्या मुलीला तो कळणार नाही. हे मला बरं वाटत नाही. पण चिठ्ठी ही शब्द जपायची जागा नाही. मी मेघनाला कळवलं. तिने तो काढून ‘उठल्यावर, काहीही खाण्याआधी’ असं लिहिलं आणि चिठ्ठी पुन्हा शलाकाकडे गेली. यावेळी तिकडून अंगठा आला, आणि पाठोपाठ एक ओळ: “अब मैं भी खा सकती हूँ.”

नव्या अभ्यासाचा निकाल यायचा आहे. गटांतला फरक सापडेल की नाही, माहीत नाही. सापडला नाही तर तसंच लिहिलं जाईल. गटातला फरक राहीलच, कारण गटात माणसं आहेत. तो आमच्या चिठ्ठीने केलेला नसेल.